आमच्यापुढे अर्धा दिवस

सगळ्याचं मूळ टपावरचं कॅरियर.

खरं तर विषय साधा होता. आम्ही चार माणसं, एक जुनी राखी गाडी आणि देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा रस्ता. त्यात कॅरियर कुठेच नव्हतं. पण आमच्या इमारतीत कोणी प्रवासाला निघालं की तो त्या कुटुंबाचा खाजगी प्रश्न राहत नाही. तळमजल्यावर ड्रायव्हिंग स्कूलवाले राहतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि निदान केलं, "टपावर ओझं नसेल तर लांबच्या रस्त्यावर गाडी हलकी पडते. वाऱ्यावर उचलली जाते."

मी मापनशाळेत नोकरी करते. जगातले तापमापक खरं बोलतात की नाही, हे तपासणं हे माझं काम. त्यामुळे मी शांतपणे म्हटलं की आमची गाडी, आणि ती चालवण्याचा माझ्या नवऱ्याचा वेग, हे दोन्ही लक्षात घेता ती कागदाची असती तरी उचलली गेली नसती.

"वहिनी," ते दयेने म्हणाले, "पुस्तकातलं वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं."

या वाक्यापुढे कुठल्याही विज्ञानाचं काही चालत नाही. कॅरियर आलं. पाठोपाठ समोरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांनी आम्हा चौघांना जिन्यातच आ करायला लावून 'दाढ दुखली की माणूस रस्ता चुकतो' असा इशारा दिला. विम्याचे एजंट आले. ते म्हणाले, "रस्त्यात कोणी हात दाखवला तर थांबू नका. आणि मैलोन् मैल कोणीच हात दाखवत नसेल, तर मुळीच थांबू नका." तेव्हा आम्ही हसलो होतो. म्हणजे बाकीचे हसले होते. मी सहसा हसत नाही. मला हसू येत नाही असं नाही, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर विषय बदललेला असतो.

निघायच्या दिवशी भल्या सकाळी कॅरियर बसवून झालं आणि एक बोल्ट उरला.

हा बोल्ट जास्तीचा की राहिलेला, यावर इमारतीत दोन तट पडले. कॅरियर उतरवलं, पुन्हा चढवलं. या वेळी दोन बोल्ट उरले. एजंट, डॉक्टर आणि ड्रायव्हिंग स्कूलवाले असे तिघे सज्जन पाळीपाळीने टपावर चढून उतरत होते, आणि माझा नवरा खाली उभा राहून 'सावकाश, सावकाश' एवढंच म्हणत होता. तो शाळेत भूगोल शिकवतो. प्रत्यक्ष भूमीशी त्याचा संबंध बेताचाच.

या सगळ्या वेळात सासूबाई गाडीत मागच्या सीटवर बसून होत्या. दार लावलेलं, मांडीवर पर्स. त्यांना मी दोनदा वर चला म्हटलं.

"सकाळी निघायचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी ठरवलंय."

'हे' म्हणजे माझे सासरे. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. शहराच्या पाणीपुरवठ्यात झडपा उघडण्याचं वेळापत्रक अप्पांच्या हाती होतं. अर्धं शहर त्यांच्या घड्याळावर आंघोळ करायचं. निवृत्त झाल्यावर उघडायला झडपा उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी या प्रवासाची योजना आखली. कुठे निघायचं, कुठे जेवायचं, कुठे झोपायचं, कुठे नुसतंच उतरून पाय मोकळे करायचे, सगळं ठरवलं. आणि मग ऋतू बदलायच्या आत एका दुपारी झोपेतच गेले. जातानाही कोणाला खोळंबून ठेवलं नाही.

नवऱ्याने ती योजना जशीच्या तशी उचलली. मुक्कामाच्या जागा त्याच, जेवणाच्या त्याच. खोल्यांचं आरक्षणसुद्धा पाच माणसांचं.

"आपण चार आहोत," मी म्हटलं होतं.

"राहून गेलं," तो म्हणाला.

हा मनुष्य छापील नकाशातल्या चुका काढून प्रकाशकांना फोन करतो. याच्याकडून आकडा राहून जात नाही. पण मी गप्प बसले. घरातले काही आकडे दुरुस्त करायचे नसतात, हे आमच्या मापनशाळेत शिकवत नाहीत.

तर आम्ही सकाळच्या ऐवजी दुपार कलल्यावर निघालो. उरलेले बोल्ट डॅशबोर्डवर ठेवले होते आणि अख्खी इमारत हात हलवत होती. गाडीने जरा वेग घेतला की कॅरियर शीळ घालायचं. नुसता वाऱ्याचा आवाज नव्हे. एक वर, एक खाली अशा दोन सुरांची शीळ, खाली उभ्या असलेल्या माणसाने गच्चीतल्या माणसाला हाक मारावी तशी.

"बाबा, कोणीतरी बोलावतंय आपल्याला," मागून मुलगी म्हणाली. ती कॉलेजात आहे. तिच्या जिभेमुळे अप्पांनीच तिचं नाव मिरची ठेवलं होतं.

"वारा आहे," नवरा म्हणाला आणि वेग कमी केला.

परिणामी पहिल्या मुक्कामाला संध्याकाळी पोचायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. मधली रात्र पेट्रोल पंपावर गाडीत बसून काढली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मानेबद्दल आहे, पण ते असो.

तळ्याकाठचं लॉज होतं. पुढे लाकडी काउंटर, त्यामागे खुंट्यांवर किल्ल्या. मॅनेजरने आम्हाला पाहिलं आणि लगबगीने बाहेर आला.

"काय विसरलं?"

"आम्ही आत्ता येतोय," नवरा म्हणाला.

"हो, पण आत्ताच गेलात ना. चार्जर राहिला का? दर वेळी चार्जरच राहतो."

नवऱ्याने खुलासा केला. मॅनेजरने नम्रपणे ऐकला आणि आम्हाला खोल्यांकडे नेलं. न्हाणीघरात दांडीवर टॉवेल वाळत होते. पाच. पाचही ओले.

इथून पुढे माझ्या नवऱ्याने जो अर्धा तास भांडणात घालवला, त्याचा सारांश असा की आमच्या नावावर कोणीतरी भामटे राहून गेले. मॅनेजरला ते लागलं. "साहेब, मला माणसं कळत नाहीत का? तुम्हीच होतात. हीच गाडी होती. ही मुलगी होती. या बाई—" माझ्याकडे पाहून तो अडखळला. थोडा वेळ निरखत राहिला. "या बाईच होत्या. फक्त फार हसत होत्या."

"मग नक्कीच दुसरं कोणी," मिरची म्हणाली.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. भामटे माझ्यासारखे दिसतात, हे मी समजू शकते; माझा चेहरा सर्वसाधारण आहे. पण भामट्यांच्या बाईने माझ्यापेक्षा बरी छाप पाडावी, हे मनाला लागलं. आम्ही तोंडं धुतली, जरा पाठ टेकली, आणि दुपार कलल्यावर पुढे निघालो. अर्धा दिवस मागे ते मागेच.

पुढच्या दिवशी जेवायला जिथे थांबायचं ठरलेलं होतं, तिथे एका बाईंची खाणावळ होती. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, समोर सरळ मोकळा रस्ता. आम्ही उतरतोय तोच बाईंनी आतून हाक दिली, "अगंबाई! पुन्हा भूक लागली?"

नवरा तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याचा दंड दाबला. साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालायचं नसतं, हा आमच्याकडचा पहिला धडा. मी सहज विचारावं तसं विचारलं, "आधी कोण कोण आलं होतं?"

"हे काय विचारणं? तुम्हीच की. तुम्ही, साहेब, ही पोरगी, सगळे." त्यांनी पदराला हात पुसले आणि आमच्या मागे गाडीकडे पाहिलं. "आजोबा कुठायत? गाडीतच बसलेत का?"

सासूबाईंनी हातातला चमचा टेबलावर सरळ रेषेत ठेवला.

"कसे दिसत होते?" त्यांनी विचारलं.

"कसे म्हणजे?" बाई म्हणाल्या. "घाईत."

"तेच," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. "चला."

"आई, जेवण—" नवरा म्हणाला.

"जेवण गाडीत. अरे, बघतोस काय माझ्या तोंडाकडे? तुझे वडील पुढे गेलेत."

मी मोटारीच्या दाराशी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. म्हातारी माणसं एकमेकांसारखी दिसतात, बाईंची नजर अधू असू शकते, घाई हे काही ओळख पटवण्याचं चिन्ह नव्हे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सूनबाई, लग्न झाल्यापासून मी त्यांच्या मागून चालतेय. बाजारात, लग्नकार्यात, दवाखान्यात. दर वेळी ते कोपऱ्यावर पोचलेले आणि मी निम्म्यात. मागून दिसणारा तो मनुष्य मला कोणी ओळखायला शिकवू नये."

मी त्यांच्या बाजूचं दार लावलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने गाडी हाणली. हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. या माणसाने जन्मात कधी सायकलसुद्धा ओव्हरटेक केली नव्हती. तो ट्रकमागून ट्रक मागे टाकत होता. तोंडाने मात्र 'योगायोग आहे, निव्वळ योगायोग' असं चाललेलं. टपावरची शीळ थांबतच नव्हती. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापणी झालेली रिकामी शेतं, आणि कोणी म्हणजे कोणी हात दाखवत नव्हतं.

मी आरशातून मागे पाहिलं. सासूबाईंनी केस विंचरून नवी पिन लावली होती. डिकीतली आपली बॅग त्यांनी मिरचीकडून मागवून घेतली होती आणि ती आता त्यांच्या मांडीवर होती. बाकीच्यांच्या बॅगा डिकीत.

पुढच्या चहाच्या थांब्यावर मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "अरे, आईंची बॅग पाहिलीस?"

"पाहिली."

"ती गाडी गाठली, तर आई परत आपल्या गाडीत बसणार नाहीत."

तो कपातल्या चहाकडे पाहत राहिला. "पण तू ती गाडी आहे असं मानतच नाहीस ना?"

"मी काही मानत नाही. मी बॅगेबद्दल बोलतेय."

"मला एकदा त्यांना बघायचंय गं," तो हळूच म्हणाला. "लांबून." आणि चहा न पिता जाऊन गाडी सुरू केली.

दुसरा मुक्काम शहराबाहेरच्या एका जुन्या हॉटेलात होता. लांबलचक कॉरिडॉर, पाय बुडतील असा विटका गालिचा, आणि इतकी शांतता की आपण बोललो तर दंड होईल असं वाटावं. आम्ही अर्थातच सकाळी पोचलो. मालकीणबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"काल काय गायलात हो तुम्ही! अजून कानात आहे."

मी गात नाही. ऑफिसच्या संमेलनात मला एकदाच मंचावर बोलावलं होतं, तेही माईकची उंची मोजायला. मी तसं स्पष्ट सांगितलं. बाई हसून म्हणाल्या, "कालही असंच म्हणालात, आणि मग काय थांबेचनात."

माझा नवरा माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेचं वर्णन करणं मला जड जातं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोकडे असं पाहायला हरकत नाही, पण ते पाहणं माझ्यासाठी नव्हतं. ते आमच्या अर्धा दिवस पुढे गेलेल्या बाईसाठी होतं. नवऱ्याचं मन दुसरीकडे गेलं तर काय करायचं, यावर शेजारपाजारी सल्ले मिळतात. ते आपल्याकडेच, पण पुढच्या गाडीत गेलं तर काय करायचं, हे कोणालाच माहीत नसतं.

आमची मोठी खोली आवरायची राहिली होती. मी बाकीच्यांना बाहेर थांबवून आत गेले. पडदे ओढलेले होते. पाच पलंग. पाचही अंथरुणं चुरगळलेली, पाचही उशांना डोक्याचे खळगे.

प्रवासातही माझ्या पर्समध्ये एक तापमापक असतो. लोक पेन बाळगतात, तसा. मी दार लोटून घेतलं आणि एकेका गादीवर, पांघरुणाखाली तो धरला. चार गाद्या उबदार होत्या, माणूस नुकताच उठून गेल्यावर असते तितक्या. पाचवी खिडकीजवळची. तिच्यावरचं पांघरूण अर्धवट फेकलेलं, उशी दुमडून उंच केलेली. अप्पांना उंच उशी लागायची. तिथला आकडा नेमका खोलीच्या हवेइतका होता.

मी तीनदा मोजलं. एका मापावर विश्वास ठेवायचा नसतो. तीनदा तेच आलं, आणि मग मला माझ्याच मानेवर हवा लागल्यासारखं झालं. खिडकी बंद होती.

मी हे कोणाला सांगितलं नाही. बाहेर आले तर सासूबाई मला ओलांडून आत गेल्या, न विचारता नेमक्या त्याच पलंगावर आडव्या झाल्या आणि त्या दुमडलेल्या उशीत तोंड खुपसून गाढ झोपल्या. त्या उठल्यावर गादी उबदार झाली होती का, हे मी तपासलं नाही. वैज्ञानिकाला कुठे थांबायचं तेही कळावं लागतं.

दुपारी निघालो तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "आजोबांना सांगा, गरम पाणी वेळेवर मिळालं म्हणून त्यांनी शाबासकी दिली, ती आमच्या म्हाताऱ्या प्लंबरला फार आवडली." मिरची, जी एरवी यावर तीन वाक्यं तरी बोलली असती, आजीचा हात धरून गप्प बसली. मला तिची पहिल्यांदाच काळजी वाटली.

आणि मग पूल आला.

खाडीवरचा तो लांब पूल अरुंद होता. एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत. दोन्ही टोकांना फाटक, प्रत्येक फाटकाला एक केबिन. आम्ही पोचलो तेव्हा सकाळ होती, पण धुक्याने ती मान्य केलेली नव्हती. पूल चार खांबांपर्यंत दिसत होता आणि पुढे नुसता पांढरा पडदा. खाली पाण्याचा आवाज येत होता. रांगेत आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

केबिनमधल्या साहेबांनी मफलर कानावर ओढला, आमचा नंबर संगणकात घातला, पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला जाता येणार नाही."

"का?"

"तुम्ही पलीकडे आहात."

नवऱ्याने शिक्षकाच्या आवाजात विचारलं, "मी तुम्हाला इथे दिसत नाही का?"

"दिसताय ना. पण दिसण्यावर फाटक उघडत नाही. ही गाडी पलीकडे गेलेली आहे. गेलेली गाडी आधी परत यावी लागते, मगच पुन्हा जाऊ शकते. आधी परत या."

"आम्ही गेलोच नाही तर परत कसे येणार?"

"तो तुमचा प्रश्न आहे. मी कोणाची अडवणूक करत नाही." ते खरोखरच दुखावले होते. "आत्ता मघाशी याच बाई किती हसून बोलल्या माझ्याशी. धुक्यात एकटे बसता, कंटाळा येत असेल म्हणाल्या. आणि आता तेच तोंड एवढंसं."

"त्या बाई मी नव्हे," मी म्हणाले. मग हे जरा कमी वाटलं म्हणून माझं मापनशाळेचं ओळखपत्र काढून काचेला लावलं. साहेबांनी वाचलं. "असंच त्यांनीही दाखवलं. फोटोतसुद्धा हसत होत्या."

मला वाटतं, माझ्या आयुष्यात माझा इतका अपमान कोणी केला नाही, आणि तो माझ्याच तोंडाने.

"ते अजून पलीकडे आहेत का?" मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या गाडीतून उतरल्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्यात बॅग.

साहेबांनी फोन उचलून पलीकडच्या केबिनला विचारलं. "हो… हो… चहा पिताहेत? बरं." फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "आहेत. पण म्हातारबाबा निघायची घाई करताहेत."

"मी चालत जाते," सासूबाई म्हणाल्या. "पायी माणसाला बंदी आहे का?"

साहेबांनी जरा विचार केला. "पायी माणसाला नंबर नसतो," ते म्हणाले, आणि फाटकाशेजारचं लहान दार उघडून दिलं.

सगळं फार साधेपणाने घडत होतं. नवरा गाडीला टेकून उभा होता, लहान मुलाने रडू आवरावं तसा चेहरा करून. मिरचीने "आजी!" अशी हाक मारली. सासूबाई दारातून पुलावर गेल्या. काठी टेकवली की लोखंडी पट्टीवर टक् असा आवाज व्हायचा. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. समोर धुकं इतकं जवळ होतं की हात घातला असता तर मनगटापासून पुढे तो माझा राहिला नसता.

"सोड," त्या म्हणाल्या.

माझं आणि सासूबाईंचं कधी गळ्यात गळे घालण्याइतकं जमलं नाही. भांडणही झालं नाही. आम्ही एका घरातल्या दोन घड्याळांसारख्या होतो, आपापली वेळ दाखवणाऱ्या. त्यामुळे 'जाऊ नका' हे शब्द मला सुचले तरी तोंडातून निघेनात. निघाला तो हिशेब.

"आई, त्या गाडीत जागा नाही."

"म्हणजे?"

"पाच जण आहेत तिकडे. टॉवेल पाच होते, गाद्या पाच होत्या. अप्पा, हा, मी, मिरची. पाचवी कोण?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही," मी म्हणाले. "तुम्ही तिकडे आहातच. त्यांच्या शेजारी."

काठीचा आवाज थांबला. खाली पाणी खांबांवर आपटत होतं. "खात्री करून घे," त्या म्हणाल्या.

आम्ही केबिनकडे परत आलो. साहेबांनी पुन्हा फोन लावला, पलीकडच्या आजीबाईंना बोलवायला सांगितलं आणि रिसीव्हर खिडकीतून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. पलीकडून काही शब्द आले असावेत, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग आधी गेला आणि मग सावकाश परत आला. स्वतःला अगं म्हणावं की अहो, यावर त्या क्षणभर अडल्या. शेवटी अहो म्हणाल्या. सासूबाईंना एकेरी कोणी हाक मारलेली खपत नाही.

"अहो, मी बोलतेय… हो, मीच… बऱ्या आहात ना? गुडघा?… माझाही तोच… ते कसे आहेत?… घाई करताहेत ना? करू दे. तुम्ही आपल्या सावकाश चाला. कोपऱ्यावर थांबतात शेवटी, तोंडाने बोलले तरी थांबतात…"

धुक्याकडे पाठ करून त्या उभ्या होत्या.

"उशी उंच लागते… हो हो, तुम्हाला काय सांगायचं म्हणा… स्वेटर? विणून झाला? पुरा?" त्या थांबल्या. "माझा एका बाहीवर राहिला. घालतात का? बसतो नीट?… बरं झालं. बरं झालं बाई."

नवऱ्याने हात पुढे केला. "आई, अप्पांना दे म्हण ना. एकच मिनिट."

त्यांनी मान हलवली आणि फोनमध्ये म्हणाल्या, "नाही, त्यांना देऊ नका. आवाज ऐकला तर मी येईन निघून… इकडे? इकडे तिघं आहेत. पोरगा रस्ता विचारत नाही कोणाला, तसाच भरकटत राहतो. नात तोंडाळ आहे, पण मघापासून रडतेय. सून बरी आहे. हसत नाही, पण दंड घट्ट धरते." मग त्यांनी भुवया उंचावल्या. "तिकडची हसते? सारखी?… आणि गातेसुद्धा? अगंबाई. कसं सहन करता हो?"

इतका मोठा सन्मान मला मापनशाळेने दिलेला नाही.

त्यांनी रिसीव्हर पुसून साहेबांना परत दिला. "समजूतदार बाई आहे," त्या म्हणाल्या. "नीट सांभाळेल त्यांना. चला, वळवा गाडी."

"पण आई, अप्पांची योजना," नवरा म्हणाला. "समुद्रापर्यंत जायचं होतं त्यांना. पुरी व्हायला हवी ना?"

"होतेय की पुरी. ते करताहेत ना." त्यांनी बॅग मिरचीच्या हातात दिली. "डिकीत ठेव गं. मांडीला रग लागली."

साहेबांना फार हायसं वाटलं. त्यांनी केबिनबाहेर येऊन स्वतः हात करून गाडी वळवून दिली. एवढ्यात धुक्यापलीकडून हॉर्न ऐकू आला. आमच्याच गाडीचा, शेवटी जरासा घोगरा होणारा. पाठोपाठ दोन सुरांची ती शीळ उठली, दूर जाऊ लागली.

नवऱ्याचा हात आपोआप आमच्या हॉर्नकडे गेला.

"नको वाजवूस," मागून सासूबाई म्हणाल्या. "वळून बघतील, आणि उशीर होईल त्यांना."